घरी जोडलेल्या डेस्कटॉपचे शांत कूलिंग: तानपुऱ्याशेजारी चालेल असा पंखा कसा निवडावा?

खर्ज

नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते. माझे वडील घरीच गाणे शिकवतात. त्यांच्याकडच्या बंदिशी त्यांच्याच आवाजात, त्यांच्या मिरजेच्या तानपुऱ्यावर नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, असे मी यंदा मनावर घेतले आहे. त्यासाठी दिवाळीत मी आणि धाकट्या भावाने सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, मदरबोर्ड बी५५०, एक एसएसडी आणि जुन्या संगणकातून काढलेली ३.५ इंची हार्डडिस्क, एवढेच त्यात आहे. वेगळे ग्राफिक कार्ड नाही. कूलर प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच लावला आहे. कॅबिनेट मायक्रो एटीएक्स आकाराचे असून त्यात रंगीत दिव्यांचे १२० मिलिमीटरचे तीन पंखे आधीपासूनच बसवलेले होते.

अडचण अशी आहे की आमचे घर जुन्या पद्धतीचे, एकामागे एक खोल्या असलेले आहे आणि संगणक दुसरीकडे ठेवायला जागा नाही. तो वडिलांच्या बैठकीपासून जेमतेम पाच फुटांवर, शिसवी टेबलावर असतो. संगणक चालू केला की वडील तानपुरा लावता लावता थांबतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जोडीच्या तारा मिळाल्या तरी "शेजारी कोणीतरी आणखी एक तार छेडते आहे आणि ती लागलेली नाही." संगणक बंद केला की तोच तानपुरा सुरात असतो. आवाज मोठा आहे अशी त्यांची तक्रार नाही. ध्वनिमुद्रणानंतर सॉफ्टवेअरने घरघर काढून पाहिली, पण तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारीही (तारेची गुंजणारी झणकार) निघून जाते आणि उरतो तो तानपुरा वाटत नाही.

खर्च पाच हजारांपर्यंत करू शकते. लिक्विड कूलर घ्यावा, बिनपंख्याचा कूलर घ्यावा, की नुसते चांगले पंखे पुरतील? खोक्यांवरचे डेसिबलचे आकडे वाचून माझा गोंधळ वाढलाच आहे.

पन्हाळ्याचा_वारा

ताई, मी व्हिडिओ संकलनाचे काम करतो आणि दोन वर्षांपूर्वी २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर बसवला. तासन्‌तास रेंडरिंग चालले तरी पंख्यांचा आरडाओरडा होत नाही. तुमच्या खर्चात बसत असेल तर तोच घ्यावा, असे मी सुचवेन.

उद्यमनगरी

माझे आयुष्य उद्यमनगरात लेथ आणि मिलिंग मशीनच्या आवाजात गेले आहे. त्या अनुभवावरून एक विनंती करतो. आवाज कोणाचा आहे हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मशीन वाजते तेव्हा आम्ही आधी बेअरिंग बदलत नाही, आधी ऐकतो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की दहा बेअरिंगांतले बिघडलेले एक ओळखू येते. तुमच्या कॅबिनेटवर हे बाहेरून पत्र्याला टेकवून करता येईल, पण उघड्या मदरबोर्डजवळ लोखंडी वस्तू नेऊ नका. तिथे लाकडी पेन्सिल वापरा.

त्याहून सोपे म्हणजे, संगणक बंद करून एकेका पंख्याची पिन काढा आणि पुन्हा चालू करून वडिलांना ऐकवा. प्रोसेसरच्या पंख्याची पिन मात्र काढू नका. हार्डडिस्कचीही वायर अशीच काढून पाहा, कारण तिची थरथर टेबलात उतरते आणि शिसवी फळी तिच्यासाठी तबल्याच्या पुडीचे काम करते. संगणक क्षणभर जाडजूड दुपटे घडी करून त्यावर ठेवला आणि आवाज बदलला, तर तो हवेचा नसून थरथरीचा आहे असे समजावे.

आणखी तीन गोष्टी कळवा: वडील कोणत्या पट्टीत गातात, पंख्यांना प्रत्येकी किती पाती आहेत, आणि पंखे मिनिटाला किती फेरे घेतात.

खर्ज

काका, सांगितले तसे सगळे केले. पट्टी काळी एक. तिन्ही पंख्यांना सात-सात पाती आहेत. खोक्यावर १२०० आरपीएम लिहिले आहे, पण ते थेट एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मोलेक्स पिनेला जोडलेले असल्यामुळे वेग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, दिसत नाही आणि बदलताही येत नाही.

तिन्ही पंखे बंद केल्यावर वडिलांनी मान डोलावली. पण पाच मिनिटांनी म्हणाले, "अजून खाली काहीतरी आहे, कोमल निषादाच्या जवळ." हार्डडिस्क काढल्यावर तेही गेले. मला स्वतःला हा दुसरा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला नव्हता.

उद्यमनगरी

तुमच्या वडिलांच्या कानाला माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे सांगितले, तेच गणित सांगते.

पंख्याचे प्रत्येक पाते चौकटीच्या आडव्या पट्ट्यांवरून जाते तेव्हा हवेला एक धक्का बसतो. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २० आणि प्रत्येक फेऱ्यात सात पाती, म्हणून सेकंदाला १४० धक्के. हा १४० हर्ट्‌झचा सूर झाला. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्‌झवर असतो आणि जोडीच्या तारा त्याच सुरात लागलेल्या असतात. दोन सूर इतके जवळ असले की त्यांच्या फरकाइतक्या लाटा ऐकू येतात. इथे फरक १.४ हर्ट्‌झचा आहे, म्हणजे तीन सेकंदांत साधारण चार लाटा. तानपुरा लावणारा माणूस हीच लाट ऐकून खुंटी पिळत असतो. ती लाट पंख्यामुळे कधीच थांबत नसेल, तर तारा मिळाल्या हे त्यांना कळणार कसे? त्यात तीन पंखे, आणि कोणतेही दोन पंखे तंतोतंत एकाच वेगाने फिरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या आपसातल्या लाटा वेगळ्याच.

हार्डडिस्कही त्यांनी अचूक पकडली. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. मंद्र कोमल निषाद साधारण १२३ हर्ट्‌झवर येतो, म्हणजे ती त्याच्या किंचित खाली घुमते.

तेव्हा मोठा आणि लहान आवाज हा तुमचा प्रश्नच नाही. बारीक "सूं" असा हवेचा सपाट आवाज थोडा असला तरी गाणाऱ्याला खुपत नाही. सूर असलेला आवाज अगदी हळू असला तरी खुपतो. म्हणून पंख्याचा वेग इतका खाली न्यायचा की त्याचा सूर षड्जापासून दूर जाईल आणि आवाज म्हणूनही तो संपेल. पंख्याच्या आवाजाचा ढोबळ नियम असा आहे की वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. १२०० वरून ६५० वर आलात तरी सुमारे १३ डेसिबल वाचतात.

शाहूपुरी_३री_गल्ली

उद्यमनगरी काकांनी निदान केले आहे, आता उपचाराबद्दल मी लिहितो. घरगुती संगणक जोडून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे.

वेग कमी केला तर संगणक तापेल, ही भीती आधी दूर करू. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा आहे आणि ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे जोराचे काम चालू असतानाही कॅबिनेटमध्ये शंभर-सव्वाशे वॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होणार नाही. मिनिटाला फक्त २० घनफूट हवा आरपार गेली, तरी १०० वॉट उष्णतेने ती हवा जेमतेम ९-१० अंशांनी तापते. एवढी हवा हळू फिरणारे दोन पंखेही देतात, पण तिला आत यायला वाट हवी. तुमच्या कॅबिनेटला पुढे काच असेल तर पंखे काचेमागे कोंडलेल्या हवेत घुसळत बसतात, वेग वाढवावा लागतो आणि हवा मात्र येत नाही. उदबत्ती पेटवून कॅबिनेटच्या पुढच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला जात नसेल, तर कोणताही महागडा पंखा लावून उपयोग नाही. आधी पुढची बाजू मोकळी करा किंवा जाळीचे कॅबिनेट घ्या.

प्रोसेसरच्या खोक्यातला कूलर म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा आणि त्यावर छोटा पंखा. उष्णता पसरायला त्याला पृष्ठभागच कमी आहे, म्हणून पंख्याला पळावे लागते. टॉवर कूलरमध्ये पातळ पत्र्यांच्या थप्पीतून गेलेल्या तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पत्र्यांकडच्या थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, ते परत येते. यात फिरणारा भाग एकही नाही, म्हणून आवाजही नाही. ६५ वॉटला डीपकूलच्या एके४०० सारखा चार नळ्यांचा एकेरी टॉवर भरपूर झाला. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ सारखा दोन टॉवरचा कूलर उत्तमच आहे, पण तो १६५ मिलिमीटर उंच आहे आणि तुमच्या कॅबिनेटमध्ये बहुधा मावणार नाही. एके४०० ची उंची १५५ आहे. तरीही पट्टी घेऊन मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून बाजूच्या झाकणापर्यंतचे अंतर स्वतः मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

लिक्विड कूलरमध्ये रेडिएटरचे पंखे असतातच, शिवाय पंप सतत चालतो आणि त्याचा बारीक सूर असतो. पंख्याचा वेग निवांत वेळी अगदी खाली आणता येतो, पंप मात्र थांबवता येत नाही. २००-२५० वॉट उष्णता असेल तर त्याचा फायदा दिसतो. तुमच्या ६५ वॉटसाठी आणि तुमच्या वडिलांच्या कानासाठी तो नको.

बिनपंख्याचा कूलरही आहे. नॉक्टुआचा एनएच-पी१ २०२१ मध्ये आला. तो खर्चात बसत नाही आणि त्यालाही कॅबिनेटमधून हवा मोकळी फिरावी लागते. कोल्हापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर असते. खोली जेवढ्या अंशांनी तापेल तेवढ्याच अंशांनी प्रोसेसर वर जातो, हा हिशेब कोणत्याही कूलरला चुकत नाही. ६०० आरपीएमचा मोठा पंखा पाच फुटांवरून ऐकू येत नाही, मग तो नसण्यासाठी एवढा खर्च कशाला?

राहिले खोक्यावरचे डेसिबल. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. मोबाइलच्या ॲपने तर एवढा हळू आवाज मोजूच नका, कारण तिथे मोबाइलच्या माइकचीच खरखर मोजली जाते. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहा: पंखा चार पिनांचा म्हणजे पीडब्ल्यूएम (मदरबोर्डच्या इशाऱ्यावर वेग बदलणारा) आहे का, तो किमान किती आरपीएमवर स्थिर फिरतो, आणि बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक (तेलाच्या थरावर फिरणारे) आहे का. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम २०० आरपीएमपर्यंत खाली येतो. नॉक्टुआचा एनएफ-ए१२x२५ अधिक सफाईदार आहे, पण त्याच पैशांत आर्क्टिकचे किमान दोन पंखे येतात आणि तुमच्या कामाला तेच शहाणपणाचे ठरेल.

पन्हाळ्याचा_वारा

पंपाबद्दलचे म्हणणे मान्य आहे. रात्री सगळे निजल्यावर माझ्याही संगणकातून बारीक "टीं" येते. मी ती आजवर एसएमपीएसची समजत होतो. माझ्याकडे ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आहे. माझ्यासारख्यांनी काय करावे?

शाहूपुरी_३री_गल्ली

तुमच्याकडे प्रोसेसरपेक्षा कार्डाचेच पंखे जास्त बोलत असणार. कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली ओढा आणि खेळांना फ्रेमची मर्यादा घाला. कार्डातून येणारी किणकिण ही कॉइलची (त्यावरच्या तारेच्या वेटोळ्यांची) असते. फ्रेम कमी झाल्या की ती बहुधा उतरते. "टीं" पंपाची आहे की कॉइलची हे ठरवायचे तर काहीही न चालवता संगणक नुसता चालू ठेवून ऐका. तेव्हाही येत असेल तर संशय पंपावर घ्या. ताईंचा विषय वेगळा असल्यामुळे इथे एवढेच लिहितो.

राजारामपुरी_जनता_बझार

धुळीचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. माझे दुकान पूर्वी उद्यमनगरच्या कडेला होते. तिथल्या हवेत लोखंडाचा बारीक कीस असतो आणि तो पंख्याच्या मोटरमधल्या चुंबकाला दाढीसारखा चिकटतो. पेठेत कीस नसेल, पण उदबत्ती-धुपाची काजळी, रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातली ओल एकत्र आली की पात्यांवर चिकट थर बसतो. पाती असमान जड झाली की पंखा डुगडुगतो, आणि गेल्या वर्षी शांत असलेला पंखा यंदा वाजू लागतो.

यावर उपाय म्हणून आत हवा घेणारे पंखे जास्त आणि बाहेर फेकणारे कमी ठेवा. पुढे दोन आणि मागे एक असले की कॅबिनेटमध्ये हवेचा दाब किंचित जास्त राहतो. मग फटींतून हवा बाहेर जाते आणि धूळ फक्त जाळीतूनच यायचा प्रयत्न करते. जाळी धुता येते, फटी धुता येत नाहीत. ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला की बेअरिंगला धक्का बसतो.

खर्ज

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

उदबत्तीची चाचणी पहिल्याच दिवशी केली. पुढच्या काचेपाशी धूर सरळ वर गेला, आत वळलाच नाही. काच चार चिमट्यांवर बसवलेली होती. ती काढल्यावर तोच धूर पंख्यांकडे झुकला. काचेऐवजी भावाने बारीक नायलॉनची मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवली आहे.

टॉवर कूलर एके४०० घेतला आणि पुढच्या बाजूसाठी आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएमचे दोन पंखे. जुना कूलर काढताना शाहूपुरीकरांनी निरोपात दिलेला इशारा फार उपयोगी पडला. या प्रोसेसरला खालून पिना असतात आणि पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी दहा मिनिटे संगणकावर जोराचे काम चालवून पेस्ट मऊ केली, मग बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू थोडे थोडे सैल केले आणि कूलर उचलण्याआधी डावी-उजवीकडे हलकेच पिळला. तो "चप्प" असा आवाज करून सुटला. शेवटचा स्क्रू सुटताच मदरबोर्डच्या मागची धातूची पट्टी मोकळी होऊन खाली सरकली. भावाने ती मागून हाताने धरून ठेवली होती म्हणून बरे झाले. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध.

मागचा जुना पंखा काढून टाकला नाही. त्याच्या वायरला मोलेक्सखेरीज तीन पिनांचा जोडही होता, तो मदरबोर्डला लावला आणि बायोसमध्ये त्या जोडाचा प्रकार पीडब्ल्यूएमऐवजी डीसी केला, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलतो. आता तोही ऐकतो. हार्डडिस्क आतून काढून बाहेरच्या डबीत घातली आहे. ध्वनिमुद्रण एसएसडीवर होते आणि रात्री डिस्क जोडून प्रत करून ठेवते.

एक अडचण उरली आहे. आवाज जवळजवळ गेला, पण एखादी फाइल उघडली की प्रोसेसरचा पंखा क्षणभर चढतो आणि पुन्हा उतरतो. स्थिर आवाजापेक्षा हे चढणे-उतरणे वडिलांना जास्त खुपते.

शाहूपुरी_३री_गल्ली

हा दोष पंख्याचा नाही. रायझनचे तापमान एखादे काम सुरू होताच क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारते आणि तितक्याच लवकर खाली येते. बायोस त्या उडीमागे पंखा पळवते. हीटसिंकचा (कूलरच्या नळ्या-पत्र्यांचा) धातू मात्र एवढ्यात तापलेलाही नसतो. बायोसच्या पंख्याच्या पानावर वेग चढायला आणि उतरायला लागणारा वेळ ठरवता येतो. तो जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवा. मग तिथल्या तापमान-वेगाच्या आलेखात ६५ अंशांपर्यंत रेषा अगदी आडवी ठेवा, म्हणजे तिथवर पंखा एकाच वेगाने फिरेल. त्यापुढे सावकाश चढू द्या आणि ८५ ला पूर्ण वेग द्या. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे ७० वर गेला तरी घाबरायचे कारण नाही.

शिवाय ५६००जी ला ४५ वॉटची मर्यादा घालता येते. ध्वनिमुद्रणाला ताकद लागतच नाही, तेव्हा ती खुशाल घाला.

उद्यमनगरी

आणि आडव्या रेषेचा वेग ठरवताना पाती मोजा. आर्क्टिकच्या पंख्याला पाच पाती आहेत. ६०० आरपीएमवर त्याचा सूर ५० हर्ट्‌झ होतो, तो एवढ्या हळू आवाजात कानाला लागत नाही. मात्र ८३० च्या आसपास तो खर्जाच्या (खालच्या सप्तकातल्या षड्जाच्या) तारेजवळ, म्हणजे ६९ हर्ट्‌झला येतो. तिथे त्याला रेंगाळू देऊ नका. पुढचे दोन पंखेही एकमेकांपासून पन्नासेक फेऱ्यांनी वेगळे ठेवा, म्हणजे त्यांच्या आपसातल्या लाटा हळू घुमत राहणार नाहीत. मागच्या जुन्याला सात पाती आहेत, त्याला ५०० च्या वर जाऊ देऊ नका.

खर्ज

लिहायला उशीर झाला, कारण उन्हाळ्याचा अनुभव घेऊनच लिहावे असे ठरवले होते.

पुढचे पंखे ५८० आणि ६३० वर, मागचा ४८० वर, प्रोसेसरचा ६०० वर ६५ अंशांपर्यंत स्थिर. मर्यादा ४५ वॉट. ध्वनिमुद्रण चालू असताना प्रोसेसर थंडीत ४३-४४ अंशांवर असायचा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी, खोलीत ३४ अंश असताना, तो ५४ वर होता, म्हणजे एकदाही आडव्या रेषेच्या पुढे गेला नाही. तासभर मिक्सिंग केले तेव्हा ६८ झाले आणि पंखा थोडा चढला, पण त्या वेळी तानपुरा गवसणीत होता. दुपारी छताचा पंखा बंद ठेवून गाणे वडिलांना सोसत नाही आणि तो चालू असला तर माइकमध्ये तोच भरतो, म्हणून मुद्रण पहाटेच करतो.

जाळी पंधरा दिवसांनी धुते. पहिल्यांदा धुतली तेव्हा बादलीतले पाणी उदबत्तीच्या राखेच्या रंगाचे झाले होते.

आधीच्या महिन्यांत केलेल्या अकरा मुद्रणांत पंख्याचा सूर आहे. तो साफ करायच्या खटपटीत आता मी पडणार नाही. वडिलांनी सगळी ऐकली. सात तशीच ठेवू म्हणाले आणि चार पुन्हा गायचे ठरवले आहे. उद्या पहाटे साडेपाचला भैरवापासून सुरुवात आहे.